बालवाडीत सदाहरित जंगल: उपक्रम आणि हस्तकलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अंगणवाडी, बालवाडी, प्लेग्रुप आणि केजीच्या ताईंसाठी आहे, म्हणजे ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या वर्गासाठी. प्रमाणं साधारण २० मुलं, एक ताई आणि एक मदतनीस धरून दिली आहेत. वाटी म्हणजे १५० मिलीची आमटीची वाटी, आणि चमचा म्हणजे पोहे खायचा.

जंगल कुठलं घ्यायचं? ॲमेझॉनचं की आपलं?

आपलं. ॲमेझॉन वाईट आहे म्हणून नव्हे. चार वर्षांच्या मुलाला जे हातात घेता येतं, ज्याचा वास घेता येतो, तिथूनच सुरुवात करावी लागते. फणसाचं पान, रातांबा, जांभूळ, बकुळीचं फूल या वस्तू महाराष्ट्रात आणि गोव्यात सहज मिळतात आणि त्या सह्याद्रीच्या जंगलातल्याच आहेत. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतली चार महाराष्ट्रात आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

एक मात्र ताईंना माहीत असलेलं बरं. आख्खा सह्याद्री काही सदाहरित नाही. आंबोली, तिळारी, कोयना, चांदोली, गोव्यात मोलें, नेत्रावळी, म्हादई अशा भागांत सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाचे पट्टे आहेत, बाकी बरंच जंगल पानगळीचं. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ॲमेझॉनच्या बऱ्याच भागात तो वर्षभर विभागून पडतो. मुलांना हे आकडे सांगायचे नाहीत. पण 'जंगलात रोज पाऊस पडतो' असं वाक्य तक्त्यावर लिहिण्याआधी थांबायला ते उपयोगी पडतात.

बाजारात मिळणाऱ्या 'जंगल' तक्त्यात सिंह, जिराफ आणि झेब्रा असतात. चालेल?

नाही. ते उघड्या गवताळ माळावरचे प्राणी आहेत. टूकन आणि मकाव दक्षिण व मध्य अमेरिकेचे, गोरिला आफ्रिकेचा, ओरांगउटान बोर्निओ-सुमात्राचा. या सगळ्यांना एका झाडाखाली उभं केलं की मूल नावं पाठ करतं, पण कोण कुठे राहतो आणि का, हे त्याच्या हाती काहीच लागत नाही. सर्वात जास्त घोटाळा टूकन आणि धनेशाचा होतो, कारण दोघांचीही चोच मोठी. धनेश आशिया आणि आफ्रिकेत असतो, अमेरिकेत नाही.

तक्ता फेकून देऊ नका, कापून घ्या. पाच वर्षांच्या मुलांना 'झाडावरचे' आणि 'माळावरचे' असे दोन ढीग करायला लावले की तोच चांगला खेळ होतो.

मग कोणते प्राणी घ्यावेत?

सहा पुरेत. शेकरू (महाराष्ट्राचा राज्यप्राणी), महाधनेश, मलबारी उडता बेडूक, हरणटोळ (झाडावरचा हिरवा साप), गवा आणि नीलवंत फुलपाखरू, जे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. गवा जमिनीवर, बेडूक आणि हरणटोळ झुडपांत, शेकरू आणि धनेश वर, आणि फुलपाखरू सगळीकडे. थर शिकवायला एवढी मंडळी नेमकी आहेत. बिबट्या मुलांना हवाच असतो, त्याला सातवा म्हणून घ्या.

किती दिवसांचा विषय करावा आणि कोणत्या क्रमाने?

दोन आठवडे. आधी पाऊस (आवाज, ढग, पान), मग जंगलाचे थर, मग प्राणी, शेवटी बरणीतलं जंगल. रोज एकच उपक्रम, १५ ते २० मिनिटांचा. तीन वर्षांची मुलं दहाव्या मिनिटाला उठतात, त्यांना उठू द्या. बरणी शेवटी ठेवण्याचं कारण म्हणजे ती विषय संपल्यावरही खिडकीत राहते आणि मुलं महिनोन्महिने तिच्याकडे बघत राहतात.

जून-जुलै हा काळ आशयाला उत्तम, कागदकामाला वाईट. दमट हवेत गोंद वाळत नाही, तक्ते गुंडाळी होतात, मिठाच्या पिठाला पाणी सुटतं. शक्य असेल तर पाण्याचे आणि मातीचे उपक्रम पावसाळ्यात घ्या आणि कागदी भिंत सप्टेंबरनंतर करा.

भिंतीवर जंगलाचे थर कसे करायचे?

भिंतीचा अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर उंच भाग घ्या. जमिनीपासून ३० सेंमीपर्यंत जमीन, तिथून ९० सेंमीपर्यंत झुडपं, १६० सेंमीपर्यंत जंगलाचं छत आणि त्याच्या वर डोकं काढणारी दोन-तीनच झाडं. खालचे दोन थर मुलांच्या हाताला येतात, तेव्हा ते पूर्णपणे त्यांनीच करायचे. आपल्याकडच्या जंगलाचं छत साधारण १५ ते २० मीटरवर असतं, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढं. शहरातल्या मुलांना हे लगेच कळतं.

खोडासाठी खाकी कागद. तो चुरगळायचा, उघडायचा, पुन्हा चुरगळायचा. तिसऱ्या वेळेला सालीसारख्या रेषा येतात आणि कागद मऊ पडून भिंतीवर नीट बसतो. वेलींसाठी वर्तमानपत्राच्या चार बोटं रुंद पट्ट्या खळीत बुडवून पिळायच्या आणि दोरीवर रात्रभर वाळत घालायच्या. खळ म्हणजे एक वाटी मैदा आणि चार वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत शिजवलेली. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत अजिबात नको. खळ दोन दिवसांपुरतीच करावी, तीही फ्रीजमध्ये ठेवून.

पानांसाठी तयार हिरवा घोटीव कागद आणू नका. पिवळा पोस्टर रंग चार चमचे घ्या आणि त्यात निळा थेंबाथेंबाने घालत जा. दर दोन थेंबांनंतर एका मुलाने कागदावर हाताचा ठसा उठवायचा. वीस मुलांचे वीस हिरवे होतात आणि एकही दुसऱ्यासारखा नसतो. चार-पाच ठसे तांबूस ठेवा. आंबा, जांभूळ, नागकेशर यांची कोवळी पालवी तांबडी असते, आणि छताचा थर जवळून पाहिला तर हे तांबडे ठिपके दिसतात.

काय बिघडतं? जाड ठसे ओले असतानाच लावले की वजनाने खाली येतात. आधी आडवे वाळवा. पट्टी चिकटवायचा टेप ओलसर भिंतीचा रंग घेऊन निघतो, त्यामुळे वरच्या बाजूला दोन खिळ्यांना दोरी बांधून सगळी छतं चिमट्यांनी लटकवणं सोयीचं. खळ लावलेल्या कागदावर झुरळं येतात. महिन्याभरात भिंत उतरवायची हे आधीच ठरवून ठेवा.

पानाला लांब टोक का असतं, हे इतक्या लहान मुलांना दाखवता येईल का?

येतं, आणि सगळ्या यादीत हा उपक्रम सगळ्यात स्वस्त आहे. पावसाळी जंगलातल्या बऱ्याच झाडांच्या पानांना खाली निमुळतं टोक असतं, त्यावरून पाणी पटकन ओघळतं. पिंपळ हे काही खास सदाहरित जंगलाचं झाड नव्हे, पण त्याच्या पानाचं टोक अगदी तसं आणि झाड गल्लीगल्लीत.

सारख्या आकाराची दोन जून पानं घ्या आणि दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, कारण धूळ असली की पाणी अडतं. एकाचं टोक कात्रीने सरळ आडवं कापा. दोन्ही पानं देठ वर, टोक खाली अशी तिरकी धरा. ड्रॉपरने प्रत्येकावर दहा-दहा थेंब सोडा. अख्ख्या पानावरचं पाणी मधल्या शिरेवरून टोकाला येतं आणि थेंब-थेंब सुटतं. कापलेल्या पानावर पाणी कडेला पसरून लोंबत राहतं. पान आडवं धरलं तर दोन्हीकडे काहीच फरक दिसत नाही. प्रयोग फसतो तो बहुधा याच कारणाने. कोवळी पानंही नकोत, ती वाकतात.

नंतर तीच पानं पुसून ठशांना वापरा. शिरांची बाजू वर, त्यावर पातळ कागद, आणि मेणाचा खडू कव्हर काढून आडवा धरून हलक्या हाताने घासायचा. खडू उभा धरला की कागद फाटतो. जोर लावला की पानाचा रस फुटून डाग पडतो.

पाऊसनळी कशी करायची? आमच्या नळीतून 'धप्प' असा एकच आवाज येतो.

धान्य जास्त झालंय किंवा आतला पीळ सैल आहे. ३० सेंमी लांबीच्या पुठ्ठ्याच्या नळीला (स्वयंपाकघरातल्या फॉइलची रिकामी नळी चालते) दोन चमचे तांदळाच्या कण्या आणि एक चमचा मसूर पुरतात. आत ४५ ते ५० सेंमी लांबीचा फॉइलचा दोर लागतो, करंगळीएवढा जाड. तो लाटण्याच्या मुठीवर स्प्रिंगसारखा गुंडाळून काढायचा आणि नळीत सरकवायचा. खिळे ठोकलेल्या नळ्या मोठ्या मुलांसाठी ठीक, इथे नकोत.

नळी उभी केल्यावर तीन-चार सेकंद सरसर आवाज आला पाहिजे. दाणे मध्येच अडकून बसले तर फॉइल फार चेपलंय, बाहेर काढून सैल करा. नुसत्या कण्यांचा आवाज रिमझिम येतो, मसुराने टपटप येते, हरभरे घातले तर गाराच. मुलांना तीन वेगळ्या नळ्या डोळे मिटून ओळखायला लावा.

दोन्ही तोंडांना पुठ्ठ्याची चकती आणि वरून कापडी टेपचे दोन थर, आणि हे काम ताईंनीच करायचं. साधा सेलोटेप मुलं नखांनी काढतात आणि मसूर नाकात जातो. भरण्याआधी धान्य पाच मिनिटं कोरडं भाजून गार करून घ्या, नाहीतर श्रावणापर्यंत नळीतून टोके बाहेर यायला लागतात.

नळी नसेल तर?

हात पुरेत. तळवे घासायचे (वारा), जिभेने टकटक (पहिले थेंब), दोन बोटांनी तळहातावर, मग चार बोटांनी, मग मांडीवर थापा, शेवटी पाय. मग उलट क्रमाने खाली. चुटक्या या वयात वाजत नाहीत, म्हणून जीभ. एका टोकाच्या मुलापासून सुरू करून आवाज पुढे सरकवला तर पाऊस वर्गातून चालत गेल्यासारखा वाटतो.

वर्गात ढग करून पाऊस पाडायचा आहे. शेव्हिंग फोम आणावाच लागतो का?

नाही. कापूस, चहाची गाळणी आणि काचेचा ग्लास एवढं पुरे. कापूस औषधांच्या दुकानातला घ्या. उशीत भरायचा कापूस तेलकट असतो, पाणी त्यावरून घरंगळतं. कापसाचा फार मोठा बोळा घेऊ नका. पाच ग्रॅम कापूस १०० मिलीच्या आसपास पाणी धरून ठेवतो, म्हणजे ड्रॉपरने भरता भरता मुलांचा धीर संपेल. चिमूटभर, सैल पिंजलेला कापूस गाळणीत ठेवा आणि निळं पाणी सोडत जा. 'ढग जड झाला की पडतो' हे तीन वर्षांचं मूलही सांगतं.

खिडकीला चिकटवायच्या पिशवीतलं जलचक्र (झिपची पिशवी, पाव वाटी पाणी) उन्हाशिवाय होत नाही. ते ऑक्टोबरसाठी राखून ठेवा.

उडत्या बेडकाचा उपक्रम म्हणजे फक्त हिरवा कागदी बेडूक का?

कागदी बेडूक कुठल्याही विषयात करता येतो. मलबारी उडत्या बेडकाची गंमत त्याच्या घरट्यात आहे. पावसाळ्यात मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर, पानांच्या आधाराने फेसाचा गोळा करते. फेस मागच्या पायांनी घुसळलेला असतो. अंडी त्याच फेसात. काही दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि टपाटप खालच्या पाण्यात पडतात. आंबोलीकडे पावसाळ्यात डबक्यांवर ही पांढरी घरटी लोंबताना दिसतात.

हे जसंच्या तसं वर्गात करता येतं. एक चमचा सब्जा एका वाटी पाण्यात २० मिनिटं भिजवा. दाणे फुगतात, भोवती पारदर्शक गर आणि मध्ये काळा ठिपका. बेडकाच्या अंड्याचं याहून चांगलं सोंग सापडणार नाही. फेसासाठी सात-आठ रिठे बिया काढून आदल्या रात्री दोन वाट्या कोमट पाण्यात टाका, सकाळी कुस्करून गाळा आणि खोल पातेल्यात रवीने दोन-तीन मिनिटं घुसळा. मुलांनी आळीपाळीने रवी धरली तर वेळ लागतो, पण बेडकीला किती कष्ट पडत असतील हे त्यातून आपोआप समजतं.

टबात दोन सेंमी पाणी घ्या. त्यावर दोन पट्ट्यांच्या आधाराने भाजी धुवायची मोठ्या भोकांची चाळण ठेवा, चाळणीत दोन-तीन फणसाची पानं थोडी अंतर ठेवून मांडा. भिजलेला सब्जा फेसात हलक्या हाताने मिसळा आणि पानांवर ठेवा. आता स्प्रेच्या बाटलीने मुलांनी 'पाऊस' पाडायचा. फेस विरत जातो आणि काळे ठिपके पाण्यात टपकतात.

बिघडण्याच्या जागा तीनच. पिठाची चाळणी घेतली तर सब्जा वरच अडकतो. फेस आधी करून ठेवला तर १०-१५ मिनिटांत बसतो, म्हणून सब्जा आधी भिजवा, फेस शेवटी करा. आणि रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर झोंबतं. फेस चाळणीत ताईंनी ठेवायचा, मुलांकडे फक्त साध्या पाण्याचा स्प्रे, आणि कामानंतर सगळ्यांचे हात धुवायचे. शंका असेल तर रिठ्याऐवजी दोन चमचे बेबी शाम्पू आणि पाव वाटी पाणी घ्या. रिठ्याच्या काळ्या टणक बिया वर्गात आणूच नका.

धनेशाची ढोली कशी खेळायची?

महाधनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त एक फट उरते. त्या फटीतून नर तिला वड-उंबराची फळं आणून भरवत राहतो. कोकणात कवड्या धनेशाला ककणेर म्हणतात, त्याचीही रीत हीच.

फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं खोकं आणा. एका बाजूला, मुलाच्या तोंडाच्या उंचीवर, ६ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच फट कापा. मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा. बंद खोक्यात काही मुलं घाबरतात, आणि उघड्या पाठीमुळे खेळ काही अडत नाही. आत 'मादी', बाहेर 'नर'. नराची चोच म्हणजे स्वयंपाकघरातला बोथट प्लास्टिकचा चिमटा, त्यावर पिवळ्या कार्डशीटची चोच चिकटवलेली. पाच मीटरवर ठेवलेल्या टोपलीतून चिमट्याने एकेक उंबर उचलून आणायचं आणि फटीतून आत द्यायचं. दहा उंबरं झाली की अदलाबदल.

उंबरं वर्तमानपत्राची, घट्ट वळलेली, साडेचार सेंमी व्यासाची. सैल गोळे चिमट्यात चेपतात आणि सुटतात. वरून तांबडा घोटीव कागद. पतंगी कागद घामट हातांना रंग देतो. धनेशाने खाल्लेल्या फळाची बी दुसरीकडे कुठेतरी पडते आणि तिथे झाड उगवतं, हे खेळ संपल्यावर सांगा. खेळताना सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

शेकरूसाठी काही?

नारळाच्या काथ्याची शेपटी. हातभर काथ्या पिंजून एका टोकाला दोरीने बांधा, कमरेला खोचा. जमिनीवर खडूने वर्तुळं काढा, ती झाडं. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, तेव्हा वर्तुळाबाहेर पाय पडला तर पुन्हा सुरुवात. त्याचं घरटं फांद्या आणि पानांचं, गोल आणि छतात उंच. काड्या आणि पानं देऊन मुलांना तसं घरटं करायला लावा, फेव्हिकॉल न देता. गुंतवून उभं राहतं का ते बघू दे.

बरणीतलं जंगल आठवड्यात बुरसटतं. काय चुकतं?

बहुतेक वेळा पाणी जास्त, नाहीतर खत जास्त. पाच मुलांमागे एक, रुंद तोंडाची पाच लिटरची पारदर्शक बरणी घ्या. तळाला दोन सेंमी बारीक खडी, त्यावर एक सेंमी लाकडी कोळशाचे तुकडे, मग नायलॉनच्या जाळीचा किंवा जुन्या सुती कापडाचा तुकडा, त्यावर पाच सेंमी माती. बागेची माती आणि कोकोपीट समप्रमाणात, गांडूळखत मूठभरच. खडीत जादा पाणी उतरतं, जाळी मातीला खडीत मिसळू देत नाही. कोळसा धुऊन घ्या, नाहीतर बरणी काळी होते.

झाडं: विहिरीच्या किंवा जुन्या भिंतीवरचा लहान नेचा, भिंतीवरचं शेवाळ, फिटोनिया, पेपरोमिया. मनीप्लँट आणि डायफेनबाखिया घालू नका. त्यांचं पान चावलं तर तोंडाची आग होते, आणि या वयात पान चावून बघितलं जातंच. कॅक्टस आणि कोरफड बरणीत सडतात.

पाणी स्प्रेने, सगळं मिळून १५० मिली, त्यापेक्षा जास्त नाही. झाकण लावा. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. बंद बरणीत ऊन गेलं की दुपारपर्यंत पानं शिजतात.

पुढे काय करायचं ते काचेवरून कळतं. सकाळी एका बाजूला धुकं आणि दुपारी काच स्वच्छ, असं असलं की सगळं ठीक. दिवसभर धुकं असलं तर झाकण तीन-चार तास उघडा. धुकं येतच नसेल तर चार-पाच फवारे मारा. पांढरी बुरशी दिसली की तेवढा भाग चमच्याने काढा, पिवळं पान लगेच काढा, आणि झाकण अर्धा दिवस उघडं ठेवा. बेडूक, गोगलगाय, फुलपाखरू बरणीत ठेवायचा हट्ट मुलं धरतात. ठेवायचं नाही.

मिठाच्या पिठाचे प्राणी वाळतच नाहीत.

पावसाळ्यात वाळणार नाहीत. दोन वाट्या मैदा आणि एक वाटी मीठ या नेहमीच्या प्रमाणातलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, आठवड्यात प्राणी चिकट होतात आणि मग बुरशी. त्याऐवजी शाडू माती घ्या किंवा वर्तमानपत्राचा लगदा करा. लगद्याचा प्राणी लिंबाएवढाच करा, मोठा केला तर आतून ओला राहतो.

जमा केलेल्या पाना-बियांमध्ये कशापासून सावध राहायचं?

इथे हयगय नको. गुंजा दिसायला सुंदर, लाल-काळ्या, हस्तकलेत सर्रास वापरल्या जातात. त्या विषारी आहेत. एरंडाच्या आणि चंद्रज्योतीच्या (मोगली एरंड) बिया, धोतरा आणि कण्हेर हेही वर्ज्य. खाजकुइलीच्या शेंगा हाताला लागल्या तर संध्याकाळपर्यंत वर्ग खाजवत बसतो. बिब्बा नको. मुलांना सुट्टीत 'काहीही गोळा करून आणा' असं सांगू नका, चार नावं सांगून तीच आणायला सांगा: पिंपळाचं पान, फणसाचं पान, बकुळीची फुलं, नारळाची शेंडी.

आकाराचा नियम सोपा आहे. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात सुटी द्यायची नाही.

स्पर्शाच्या ट्रेसाठी कोकोपीट वापरत असाल तर ६५० ग्रॅमच्या विटेला तीन-चार लिटर पाणी लागतं. ते ओलसरच ठेवा, कोरड्याची धूळ खोकला आणते. दोन दिवसांनी ट्रे उन्हात पसरा.

तीन वर्षांची मुलं कात्री धरू शकत नाहीत. त्यांना काय द्यायचं?

फाडणं, चुरगळणं, ठसे, ओतणं. फाडलेल्या कागदाची पानं कापलेल्या पानांपेक्षा खरी दिसतात. चार-साडेचारनंतर बोथट टोकाची कात्री आणि दोन बोटं रुंद पट्टीचे एका कातरीत पडणारे तुकडे. वळणावर कापणं पाचच्या पुढे.

कटआउट छापून दिले तर काम लवकर होतं. काय हरकत?

काम लवकर होतं, कारण ते ताईंनी केलेलं असतं. वीस एकसारखे धनेश भिंतीवर लागले की पालकांना छान वाटतं. मुलाने काय केलं, तर डोळा चिकटवला. चोच किती मोठी, शेपटी कुठे, हे मुलाला ठरवू द्या. खरा फोटो समोर ठेवा, नमुना ठेवू नका.

खर्च किती येतो?

बहुतेक सामान फुकट: खोकी, वर्तमानपत्रं, पानं, जुन्या बरण्या. विकत घ्यायचं ते पोस्टर रंग, खाकी कागद, कोकोपीटची एक वीट, दोन-तीन रोपं आणि किराणा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातल्याच वस्तूंवर शैक्षणिक साहित्य उभं केलं, तेव्हा तयार किट नाही म्हणून विषय अडायचं कारण नाही. होळीचे रंग मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. हळद, गेरू, पालकाचा रस चालतो. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, म्हणून भिंतीवर नको, वहीत ठीक.

मुलांना खऱ्या जंगलात न्यावं का?

पावसाळ्यात अभयारण्यात नको. जळवा, निसरडं आणि वीस मुलं हे गणित जमत नाही. जवळ देवराई असेल तर हिवाळ्यात सकाळी तासभर जा, गावातल्या माणसांना विचारून. पाच मुलांमागे एक मोठं माणूस, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट. देवराईतलं पानसुद्धा उचलायचं नाही अशी बऱ्याच ठिकाणी रीत आहे, ती पाळा. अभयारण्यातून काही उचलून आणणं तर कायद्यानेच मना आहे. देवराई नसेल तर मोठ्या वडाखालची सावली चालते. उन्हातून सावलीत आल्यावर अंगाला काय वाटलं, एवढंच विचारा.

आम्ही परदेशात रविवारची मराठी शाळा चालवतो. पिंपळ, फणस, रिठे कुठून आणायचे?

रिठे आणि सब्जा भारतीय किराणा दुकानात मिळतात. पानासाठी लांब टोकाचं कुठलंही घरातलं शोभेचं झाड चालतं, मात्र चीक येणाऱ्या पानाला ताईंनीच हात लावावा. शेंगदाण्याची टरफलं हस्तकलेत वापरू नका, बऱ्याच शाळांत शेंगदाण्याला बंदी असते. तिथल्या मुलांना टूकन आधीच माहीत असतो, तेव्हा धनेश आणि टूकन शेजारी ठेवून फरक शोधायला लावा. महाधनेशाच्या चोचीवर शिंगासारखा उंचवटा असतो, टूकनच्या नसतो.

जंगलतोडीबद्दल सांगायचं का?

या वयात नाही. विचारलं तर खरं सांगा, एका वाक्यात. झाडं तोडून ओकंबोकं केलेलं चित्र भिंतीवर लावू नका.

मुलांना समजलं की नाही, हे कसं ओळखायचं?

प्राण्यांची चित्रं आणि रिकामी भिंत द्या, आणि कोण कुठे राहतो ते लावायला सांगा. शेकरू जमिनीवर लावला तर लगेच दुरुस्त करू नका, 'हा इथे काय करतोय?' असं विचारा. पाणी प्यायला आला असेल, असं उत्तर आलं तर ते बरोबर धरा.

विषय संपल्यावर एवढ्या सामानाचं काय?

कोकोपीट आणि पानं कुंड्यांत. नळ्या उघडून धान्य पाखरांना घाला, फॉइल पुढच्या वर्षाला ठेवा. रिठ्याचं पाणी झाडांना नको, मोरीत ओता. खोकं फाटेपर्यंत वर्गात राहू द्या, आठवड्याभरात त्याची बस होते. बरण्या मे महिन्याच्या सुट्टीत बंद वर्गात ठेवू नका, पालकांपैकी कुणाच्या तरी घरी उत्तरेच्या खिडकीत द्या.